पातं वाजवून बघितलं का, एवढं विचारा

निपाणीजवळच्या एका गावातून प्रश्न आलाय, तो थोडक्यात असा. पुतणीचं लग्न एप्रिलअखेरीस आहे. मुलाकडच्या मंडळींनी पाठवणी हेलिकॉप्टरनं करायचं ठरवलंय. येणार ते चार आसनी, एका इंजिनाचं, दोन पात्यांचं रॉबिन्सन आर-४४. कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, की या हेलिकॉप्टरच्या पात्यांचे पापुद्रे सुटतात आणि पाती हवेतच तुटतात. तेव्हापासून घरातल्या आजी अडून बसल्यात, "पोरगी गाडीनंच जाऊ दे." हे कितपत खरं, असं का होतं, आणि ज्याला यातलं काही कळत नाही त्यानं काय बघायचं?

पापुद्रे सुटल्याचं खरं आहे. पाती तुटल्याचंही खरं आहे, पण ते फार थोड्या वेळा, आणि बहुतेक वेळा पात्यानं आधी सांगून. ऐकायला कुणी नव्हतं, एवढंच. म्हणून हेलिकॉप्टरची जात कुठली हे विचारून झालं की पुढची चौकशी करा: पावसाळाभर ते कुठं उभं होतं, त्याला हात कोण लावतं आणि त्याची वही, म्हणजे लॉगबुक, कोण लिहितं.

मी वायुसेनेत एकवीस वर्षं एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचा मेकॅनिक, होतो. ट्रेनिंग बेळगावच्या सांबऱ्यालाच झालं. घर शहापुरात, ट्रेनिंग स्कूल दहा किलोमीटरवर, आणि तरी कित्येक महिने आईच्या हातची भाकरी मिळाली नाही. पुढं चेतक आणि चीता या हेलिकॉप्टरांवर हात काळे केले, निवृत्तीनंतर नऊ वर्षं खाजगी हेलिकॉप्टरांवर. आर-४४ ची पाती मी पुसलीत, वाजवलीत, उतरवलीत, आणि ‘उडायला ठीक’ अशी सही करायला दोनदा नकारही दिलाय. त्यातल्या एका नकाराची गोष्ट पुढं येईलच.

आधी पातं म्हणजे काय ते सांगतो. लांबून बघितलं तर एक चपटी, जड पट्टी वाटते. प्रत्यक्षात ते आतून जवळजवळ पोकळच असतं. साधारण पाच मीटर लांब, वीतभराहून थोडं रुंद. हवा कापणारी पुढची कड स्टेनलेस स्टीलची, तिला आम्ही स्पार म्हणतो. सगळा भार तो घेतो. स्पारच्या मागं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी अ‍ॅल्युमिनियमची जाळी, आणि तिच्यावर वरून-खालून पातळ पत्रा. हा पत्रा रिबेट मारून किंवा वेल्डिंग करून बसवलेला नसतो, तो चिकटवलेला असतो. हे ऐकलं की लोकांचे चेहरे बदलतात. "म्हणजे डिंकावर उडतं होय?" असं मला एकदा गोकाकच्या एका शेतकऱ्यानं विचारलं होतं. हो, डिंकावरच म्हणा. पण तो डिंक उष्णता आणि दाब देऊन पक्का केलेला असतो. रिबेटला भोक पाडावं लागतं, आणि धातूची चीर बहुतेकदा भोकापासून निघते. त्या हिशेबानं चिकटवणंच चांगलं. एकच अट, त्या जोडावर पाणी आणि हवा पोहोचता कामा नये.

आता या पात्यावर काय गुदरतं ते बघा. आर-४४ चा मोठा पंखा उड्डाणात मिनिटाला चारशेच्या वर फेरे घेतो. पात्याचं टोक ताशी सुमारे ७७० किलोमीटर वेगानं हवा कापतं. त्या टोकाशी प्रत्येक ग्रॅम वजन बाहेरच्या बाजूला नऊशे ग्रॅमहून जास्त जोरानं ओढतं. म्हणजे टोकाजवळ दहा ग्रॅमचा पत्रा सुटायला लागला, तर त्याला नऊ किलोची ओढ बसते. पुढं आणखी एक गंमत आहे. हेलिकॉप्टर पुढं जात असताना जे पातं पुढं येतं त्याला हवा जास्त लागते, मागं जाणाऱ्याला कमी. त्यामुळं प्रत्येक फेऱ्याला पातं थोडं वर जातं, थोडं खाली येतं, वाकतं, सरळ होतं. तासाला साधारण चोवीस हजार वेळा. या पात्यांचं आयुष्य २,२०० तासांचं ठरवलेलं आहे, म्हणजे पाच कोटींहून जास्त वेळा वाकायचं आणि तक्रार करायची नाही.

तुमच्या मोबाइलवरच्या पापुद्र्यांची गोष्ट इथून सुरू होते. जुन्या आर-२२ (आर-४४ चा दोन आसनी धाकटा भाऊ) आणि आर-४४ च्या पात्यांवर स्टेनलेसचा पातळ पत्रा होता. खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून इंचभर मागं, पत्रा आणि स्पार यांचा चिकटवलेला जोड येतो. त्यावर रंग असतो, आणि तो शोभेसाठी नसतो. त्या जोडाचं पांघरूण तेच. धुळीत उतरलं, पावसातून उडालं की पुढच्या कडेचा रंग आधी जातो. ताशी ७७० च्या वेगानं पावसाचा थेंब म्हणजे थेंब राहत नाही, छर्रा होतो. रंग गेला की जोड उघडा पडतो, त्यात ओल शिरते, डिंकाखाली गंज धरतो आणि टोकाच्या बाजूनं पत्रा उचलायला लागतो. आम्ही त्याला डिबाँडिंग म्हणतो.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं, म्हणजे एफएएनं, यावर २००७ साली आदेश काढला, २०११ मध्ये तो कडक केला, आणि २०१४ च्या आदेशानं जुनी पाती ठरावीक मुदतीत काढून नव्या प्रकारची बसवा असंच सांगितलं. नव्या पात्यांना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे. आर-४४ च्या नव्या पात्याचा क्रमांक सी०१६-७, आमच्या बोलण्यात नुसतं ‘डॅश सेव्हन’. तुमच्या दारात येणाऱ्या हेलिकॉप्टरवर हीच असायला हवीत. मोबाइलवर दाखवले जाणारे बरेच फोटो जुन्या पात्यांचे आहेत. म्हणून नव्या पात्यांना निर्धास्त सोडा असं मात्र नाही. गंज अ‍ॅल्युमिनियमलाही धरतो, डिंक त्यातही आहे.

या आदेशांतली एक गोष्ट मला फार आवडते. पातं तपासायचं कसं, तर नाण्यानं वाजवून. त्यात लिहिलं होतं, की अमेरिकेचं पाव डॉलरचं नाणं वापरा, १९६५ किंवा त्यानंतरचं. कारण त्याआधीचं नाणं चांदीचं असायचं, आवाज वेगळा. करोडोंचं यंत्र, आणि तपासणीचं अवजार खिशातली चिल्लर! आमच्या एका वरिष्ठ इंजिनिअरकडं ते नाणं होतं, कातडी पाकिटात, लॉगबुकाच्या कपाटात कुलपात ठेवलेलं. चहाच्या टपरीवर कुणी सुट्टे मागितले की तो छातीला हात लावायचा.

आपल्याकडच्या माणसाला हे सांगायची गरजच नाही खरं तर. खानापूरचा माठ घेताना बाई काय करते? उचलते, बोटाच्या पेरानं चारी बाजूंनी वाजवते. माझी आई तर माठ कानाला लावून वाजवायची आणि कुंभाराला म्हणायची, "ह्यो बद्द वाजतोय बगा, दुसरा द्या." कुंभार शपथा घ्यायचा, पण दुसरा द्यायचा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला जुना माणूस कास्टिंगला हातोडीनं टिचकी मारून तेच करतो. घट्ट जोडलेलं पातं ‘टिंग’ वाजतं, स्वच्छ, कोरडं. खालून सुटलेलं असेल तिथं ‘टप’ येतं, ओल्या लाकडावर मारल्यासारखं. डोळ्याला दोन्ही जागा सारख्याच दिसतात.

आता ती नकाराची गोष्ट. मालक कोण, कुठले, ते सोडून द्या. हेलिकॉप्टर जूनपासून गणपतीपर्यंत उघड्यावर उभं होतं, वर ताडपत्री. लोकांना वाटतं ताडपत्रीनं रक्षण होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ताडपत्री म्हणजे पाती वाफेत ठेवण्यासारखं. ओल आत कोंडते, वारा लागत नाही. पाऊस उघडला, मालकांना दुसऱ्या दिवशी कुणाला तरी घेऊन जायचं होतं. मी शिडी लावून पात्याखाली गेलो. पातं देखणं दिसत होतं, आणि तिथंच माझी पाल चुकचुकली. बाकी पात्यावर वर्षभराची धूळ-झीज, आणि टोकाजवळ खालच्या बाजूला हातभर पट्टा नवा कोरा. कुणीतरी ब्रशनं रंग मारला होता. वहीत त्या रंगाची नोंद नव्हती.

मी मुळापासून वाजवत निघालो. टिंग, टिंग, टिंग. दर अंगुळाला एक. टोकापासून हातभर अलीकडं आलो आणि टप. पुन्हा मारलं, टप. मागं गेलो, टिंग. मेणाच्या पेन्सिलीनं कड आखत गेलो (शिसपेन्सिल पात्याला लावत नाहीत, ग्रॅफाइटनं धातूला गंज धरतो). आखून झालं तेव्हा विड्याच्या पानाएवढी जागा निघाली. मालकांना बोलावलं, त्यांच्याच हातात नाणं दिलं, वाजवायला सांगितलं. दोनदा वाजवलं त्यांनी. मग म्हणाले, "अहो, पण गेल्या महिन्यात स्टार्ट करून बघितलं तेव्हा व्यवस्थित फिरत होतं की!" फिरणारच. पापुद्रा सुटेपर्यंत पातं व्यवस्थितच फिरतं.

पात्यांच्या नव्या जोडीची किंमत ऐकली तर तालुक्याच्या गावात बरं घर येईल. त्यामुळं त्यांचा चेहरा पडला ते मी समजू शकतो. पण रंग मारणाऱ्याचं मला आजही समजत नाही. गंजलेल्या जोडावर रंग मारणं म्हणजे दुखणं झाकून स्थळाला होकार मिळवणं. मी सही केली नाही, पात्यांची जोडी उतरली, माझी नोकरी त्या दिवाळीपर्यंत टिकली.

दुसरं दुखणं वेगळं आहे आणि जास्त भीतीदायक आहे: फटिग, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन धातू थकणं. तुमच्या भागात कारखान्याचा हंगाम असतो, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला एक्सल मोडून पडलेल्या तुम्ही दरवर्षी बघता. पुढच्या वेळी खाली वाकून तो मोडलेला एक्सल बघा. तोंडाचा एक भाग गुळगुळीत, काळपट, त्यावर शिंपल्यासारख्या बारीक वळ्या. उरलेला भाग खरबरीत, चमकणारा, ताज्या फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. गुळगुळीत भाग म्हणजे चीर. ती कितीतरी आठवडे थोडी थोडी आत सरकत होती. खरबरीत भाग म्हणजे शेवटचा क्षण, उरलेल्या धातूला भार पेलला नाही. ड्रायव्हर म्हणतो, "एकदम मोडला हो." एकदम काही मोडलेलं नसतं.

पात्याच्या मुळाशी, जिथं ते मधल्या हबला बोल्टनं जोडलेलं असतं, तिथं हेच होऊ शकतं. पूर्ण पात्याची ओढ, काही टनांची, त्या बोल्टच्या भोकांवर येते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये २००३ साली एका आर-२२ चं पातं उड्डाणात मुळाशी तुटलं, आत बसलेले दोघेही गेले. चीर बोल्टच्या भोकापासून निघालेली होती. चीर आत लपलेली असते, रंगाखाली, फिटिंगखाली. वाजवून ती कळेलच असं नाही. म्हणून या पात्यांना वयाची मर्यादा घातलेली आहे: २,२०० तास किंवा बारा वर्षं, जे आधी होईल ते. तास फटिगसाठी, वर्षं गंज आणि डिंकासाठी. दोनशेच तास उडालेलं पण बारा वर्षं झालेलं पातं बघून लोक हळहळतात, "नवं कोरं आहे हो." नाही. माळ्यावर ठेवलेल्या जुन्या टायरसारखं आहे ते.

इथं वहीचा प्रश्न येतो. २,२०० तास मोजणार कोण? प्रत्येक उड्डाणानंतर कुणीतरी लॉगबुकात तास लिहितो. दिवसात सहा फेऱ्या मारल्या आणि चार लिहिल्या, तर कागदावर पातं तरुण राहतं आणि प्रत्यक्षात म्हातारं होतं. जत्रेतल्या चकरा, निवडणुकीचा हंगाम, लग्नसराई, या काळात हा मोह जास्त. त्यातही छोट्या फेऱ्या पात्याला जास्त जाचतात, कारण दर वेळी थांबलेल्या पात्यावर शून्यापासून पूर्ण ओढ येते आणि पुन्हा जाते. तुमच्या नात्यातलं कुणी हत्तरगीच्या एसईझेडमध्ये, विमानाचे भाग बनतात तिथं, कामाला असेल तर त्याला विचारा, विमानाचा एक लहानसा ब्रॅकेट बाहेर पडताना त्याच्यासोबत किती कागद जातात. धातूची पहिली ओळख कागदावरच होते. वही खोटी असेल तर नाणं, भिंग, माझी तीस वर्षं, सगळं फुकट.

चीर डोळ्याला दिसत नसली तरी ती थरथरीतून बोलते. निर्मात्या कंपनीनंच वैमानिकांसाठी आणि मेकॅनिकांसाठी सूचना काढलेली आहे, की पात्याला चीर असेल तर शेवटी तुटण्याच्या काही तास आधी थरथर लक्षात येण्याइतकी वाढते; आणि एकदा बॅलन्स करून गुळगुळीत झालेला रोटर, म्हणजे अख्खा पंखा, थोड्याच तासांत पुन्हा बिघडला तर पात्यावर संशय घ्या. हे वाक्य मी हँगरच्या दारावर लिहून ठेवलं होतं. कारण माणसाची खोड उलटी असते. थरथर वाढली की वजनाची एखादी वॉशर वाढवायची, ट्रिम टॅब (पात्याच्या मागच्या कडेची छोटी पट्टी) केसभर वाकवायचा, झालं. आठवड्यात दुसऱ्यांदा तीच थरथर आली की पुन्हा वॉशर. म्हणजे तापाला क्रोसिन. चेतकवर आमचे वॉरंट ऑफिसर म्हणायचे, दुसऱ्यांदा बॅलन्स मागणारं हेलिकॉप्टर दवाखान्यात ठेव. तेव्हा पात्यांच्या टोकांना वेगवेगळ्या रंगाचा खडू लावून, काठीला बांधलेलं कापड फिरत्या पात्यांजवळ हळूच न्यायचं आणि उमटलेल्या खुणांवरून कुठलं पातं वर चालतंय ते काढायचं, अशी पद्धत होती. काठी धरायला ज्याचा हात थरथरत नाही तो माणूस. आता सेन्सर लावतात, आकडे स्क्रीनवर येतात. आकडे चांगलेच; फक्त मागच्या वेळचे आकडे काढून शेजारी ठेवायची सवय हवी.

पातं निर्दोष असूनही पात्यामुळं होणारे अपघात असतात, तेही सांगायला हवेत, कारण बातमीत सगळं ‘पंखा तुटला’ या एका वाक्यात येतं. पात्याला कडकपणा फिरण्यामुळं येतो. फेरे कमी झाले की ते वर दुमडायला लागतं आणि उचलायची ताकद जाते. आर-४४ मध्ये फेरे ठरलेल्या वेगाच्या ९७ टक्क्यांखाली आले की भोंगा वाजतो. कंपनीचा नियम असा, की ८० टक्के आणि उंचीच्या दर हजार फुटांना आणखी एक टक्का, याच्या खाली गेलात तर परत येणं नाही. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. म्हणजे जमिनीलगतच ती रेघ ८२-८३ टक्क्यांवर आली.

दुसरं, दोन पात्यांचा पंखा सी-सॉसारखा मधोमध टेकलेला असतो. वैमानिकानं दांडा झटक्यानं पुढं ढकलला आणि क्षणभर हेलिकॉप्टर वजनहीन झालं, तर पंख्याचा आणि धडाचा ताळमेळ सुटतो, हब मधल्या खांबावर आदळतो. याला मास्ट बंपिंग म्हणतात. अमेरिकेत १९९५ पासून या हेलिकॉप्टरांच्या वैमानिकांना यासाठी खास प्रशिक्षणाची सक्ती आहे, आणि न्यूझीलंडच्या अपघात तपास आयोगानं २०१६ मध्ये हा विषय आपल्या चिंतेच्या यादीत घातला. तिथं डोंगर आणि खवळलेला वारा. आपल्याकडं आंबोली, चोर्ल्याच्या कड्यांवर पश्चिमेचा वारा चढून येतो तेव्हा पलीकडच्या अंगाला हवा अशीच उसळते-आपटते. नवरा-नवरी गोव्याला निघणार असतील तर वैमानिकाला घाट कसा ओलांडणार ते विचारा. "वारा असेल तर लांबून जाऊ किंवा थांबू" असं म्हणाला तर तो माणूस चांगला.

आणि ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव हेलिकॉप्टर पडलं, त्यानंतर कित्येक महिने ध्रुव जमिनीवर होती, ते इथं अनेकांनी ‘पाती खराब’ म्हणून ऐकलंय. तिथं तडा स्वॅशप्लेटला होता, म्हणजे वैमानिकाचा हुकूम पात्यांपर्यंत नेणाऱ्या चकतीला. ध्रुवची पाती चार आणि कंपोझिटची, म्हणजे धातूची नव्हे, चिकटवलेल्या धाग्यांच्या थरांची. त्याचा तुमच्या आर-४४ शी संबंध नाही. एवढंच, की पातं एकटं कधी नसतं. त्याचे दांडे, बेअरिंग, चकत्या सगळ्यांवर तोच भार येतो.

आता तुमच्या लग्नाचं. एप्रिलअखेर, दुपारी ३६ अंश धरा. अडीच हजार फूट उंची आणि हा उन्हाळा मिळून हवा इतकी विरळ होते, की हेलिकॉप्टरला ती साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखी वाटते. तेवढ्याच पात्यांना तेवढंच वजन उचलायला जास्त कोन, जास्त ताकद लागते. म्हणून पाठवणी सकाळी नऊच्या आत ठेवा. मुहूर्त नंतरचा असेल तर भटजींशी बोला, वैमानिकाशी घासाघीस करू नका. वैमानिक सोडून दोघंच बसवा. करवली, रुखवताची पेटी, मिठाईचे डबे गाडीनं. आजीबाईंचा गाडीचा हट्ट आहे तर त्यांना करवलीसोबत गाडीत बसवा, मान राहील.

मैदान शाळेचं असेल तर आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे टँकरनं पाणी मारा, चिखल होऊ न देता. तुमची काळी माती सुकली की पिठासारखी उडते आणि पात्याच्या पुढच्या कडेला सँडपेपर लावल्यासारखी घासते. तीच कड, तोच रंग, ज्याच्याबद्दल मी वर एवढं लिहिलं. मांडव किमान शंभर मीटर लांब. उतरताना खाली येणारा वारा मांडवाचं कापड सहज उचलतो, आणि ते शेपटीच्या पंख्यात गेलं तर संपलं. शेपटीचा पंखा मिनिटाला दोन हजारांहून जास्त फेरे घेतो, फिरताना दिसतसुद्धा नाही, त्यामुळं मागच्या बाजूला दोरी बांधून दोन आडदांड भाचे उभे करा. पंखा फिरत असताना अक्षता नाहीत, फुलं नाहीत, ड्रोन नाही, फेट्याचे शेमले मोकळे नाहीत. फुलं उधळायची हौस असेल तर पंखा पूर्ण थांबल्यावर.

आणि बोलणी करताना काय विचारायचं. पहिलं, कंपनीकडं डीजीसीएचं (आपलं विमान वाहतूक खातं) नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट, म्हणजे भाड्यानं उडवायचा परवाना, आहे का, आणि येणारं हेलिकॉप्टर त्यावर आहे का. खाजगी मालकाचं हेलिकॉप्टर भाड्यानं देता येत नाही, कितीही ओळखीचं असलं तरी. मग पात्यांचा क्रमांक ‘डॅश सेव्हन’ आहे का, किती तास झालेत, किती उरलेत, बारा वर्षं कधी भरतात. हे चार आकडे खऱ्या इंजिनिअरला वही न उघडता जवळपास माहीत असतात, आणि तो तरीही वही उघडून सांगतो. शेवटी सहज विचारा, गेल्या पावसाळ्यात हे कुठं होतं? "हँगरमध्ये" म्हणाले तर पुढं बोला. "झाकून ठेवलं होतं" म्हणाले तर विचारा, पातं वाजवून कधी बघितलं आणि ते कुठं लिहिलंय.

हेलिकॉप्टर उतरल्यावर पंखा थांबला की पाती खाली लवतात. टोक उंच माणसाच्या हाताला लागेल इतकं खाली येतं. तेव्हा गावातली पोरं धावत येतील आणि फोटोसाठी पात्याला लटकतील. त्यांना आवरायला कुणी मोठा माणूस लागेल, कारण इंजिनिअर एकटा असतो आणि लग्नात त्याचं कुणी ऐकत नाही. मी स्वतः एकदा मानाचा नारळ हातात धरून, पात्याखाली उभा राहून, वरातीतल्या मामांशी भांडलेलो आहे.